पांढरा चाफा : बेटांवरचे झाड, विहारातले फूल

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी शब्दांकन करताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समितीने मला 'धम्म आणि पर्यावरण' हा विषय दिला होता. विषय मोठा आणि वेळ थोडा. पर्यावरण म्हटले की वक्ता ओझोनच्या थरापासून सुरुवात करतो, आणि दारातले झाड सांगायचे राहून जाते. म्हणून मी आज दारातल्याच झाडावर बोलणार आहे. आपल्या विहाराच्या पायरीशी, नळाच्या बाजूला जो पांढरा चाफा उभा आहे, तो माझा आजचा विषय.

त्याला कारणही घडले आहे. मागे कंपाउंडच्या भिंतीचे काम निघाले तेव्हा या झाडाची चर्चा झाली. भिंतीला झाडाची अडचण नाही, हे गवंड्यानेच सांगितले होते. तरी तीन मते पुढे आली. एक मत असे, की हे स्मशानातले झाड, त्याच्या वासाला साप येतो, ते विहारात नको, तोडून टाका. दुसरे मत कोणी तोंडाने मांडले नाही, पण आपण सगळ्यांनी पाहिले. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी झाडाच्या बुंध्याला दोरा गुंडाळलेला होता आणि खाली हळद-कुंकू. तिसरे मत आपल्या कॉलेजातल्या मुलांचे. ती म्हणाली, "काका, झाडाचं राहू द्या. मुळात मूर्तीपुढे फुलं वाहायचीच कशाला? देवळात वाहतात तेच आपण इथं केलं, तर फरक काय राहिला?"

ही तिन्ही मते गंभीरपणे घेण्यासारखी आहेत. कोणाची टिंगल करण्यासाठी मी उभा नाही. या झाडाचा इतिहास नीट पाहिला तर तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात, असे मला वाटते.

आधी नावापासून सुरू करू. आपल्या मराठीत चाफा म्हणून एकच झाड नाही. सोनचाफा वेगळा, हिरवा चाफा वेगळा, कवठी चाफा वेगळा, भुईचाफा वेगळा, नागचाफा आणखी वेगळा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने यांतले बरेचसे एकमेकांचे नात्यागोत्याचेही नाहीत. वास गोड आला की आपल्या लोकांनी चाफा म्हटले, एवढेच. आपल्या दारातल्या झाडाला पांढरा चाफा म्हणतात, कोणी खुरचाफा म्हणतात, कोणी देवचाफा. शास्त्रीय नाव प्लुमेरिया. फांद्या जाड, सुजल्यासारख्या. पान मोडले की पांढरा चीक. पाच पाकळ्या, एकीवर एक किंचित पीळ देऊन बसलेल्या, कडेला पांढऱ्या आणि मध्ये पिवळ्या. कण्हेर आणि सदाफुली ह्या त्याच्या कुळातल्या. म्हणजे सोनचाफ्याचा आणि याचा रक्ताचा संबंध नाही, कण्हेरीचा मात्र आहे.

आता याचे गाव कोणते? आपल्याला वाटते, देवचाफा म्हणजे पूर्वापार इथलाच. तसे नाही. हे झाड अमेरिका खंडातले. त्याच्या काही जाती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या, तर काही कॅरिबियन समुद्रातल्या क्यूबा, जमैका, पोर्टो रिको अशा बेटांवरच्या. समुद्राचा खारा वारा, खडकाळ जमीन, महिनोन्महिने पाणी नाही, अशा ठिकाणी ते वाढले. म्हणून त्याने फांद्यांत पाणी साठवायला आणि कोरड्या दिवसांत पाने गाळून गप्प उभे राहायला शिकून घेतले. चार्ल्स प्लुमिए (१६४६–१७०४) नावाचे एक फ्रेंच धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ त्या बेटांवर तीनदा गेले आणि तिथल्या वनस्पतींचा त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या नावावरून झाडाला प्लुमेरिया हे नाव मिळाले.

पण प्लुमिए यांच्या कितीतरी आधी मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांनी त्याला नाव दिलेले होते. त्यांच्या नाहुआत्ल भाषेतल्या त्या नावाचा अर्थ कावळ्याचे फूल. स्पॅनिश लोकांनी तो देश जिंकला आणि १५६५ पासून त्यांची जहाजे मेक्सिकोहून फिलिपाइन्स बेटांकडे ये-जा करू लागली. त्या वाटेने हे झाडही आले. आजही फिलिपाइन्समध्ये त्याला 'कलाचुची' म्हणतात. तो शब्द त्या मूळ नाहुआत्ल नावाचाच झिजलेला अवतार आहे. विचार करा, राज्य गेले, मंदिरे पाडली गेली, पण गरिबांच्या तोंडातला एक शब्द एका फुलाला धरून समुद्र ओलांडून गेला आणि टिकला.

तिथून पुढे हे झाड आशियाभर पसरले. पसरायला अवघड काहीच नव्हते. याचे बी लागत नाही. फांदी तोडून ठेवली तर आठवडेच्या आठवडे मरत नाही. माती मिळाली की मूळ धरते. आपल्याकडे तर कित्येकांनी पाहिले असेल, तोडून टाकलेल्या फांदीला पडल्या जागी फूल आलेले असते. जहाजावर न्यायला यापेक्षा सोयीचे रोप कोणते?

आता श्रीलंकेकडे येऊ, कारण आपल्याला सगळ्यात जवळचे तेच. श्रीलंकेत या झाडाला 'अरलिया' म्हणतात, आणि दुसरे नाव आहे 'पन्सल मल'. पन्सल म्हणजे विहार आणि मल म्हणजे फूल. विहाराचे फूल! ज्या झाडाचा कोणत्याही पाली ग्रंथात उल्लेख असणे शक्यच नाही, जे बुद्धांच्या नंतर दोन हजार वर्षांनी त्या बेटावर उतरले, त्याला तिथल्या उपासकांनी विहाराचेच फूल करून टाकले.

मिहिंतले हे ठिकाण आपल्याला माहीत असायला हवे. सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर यांनी राजा देवानंपिय तिस्स याला धम्म सांगितला तो हा डोंगर. त्या डोंगरावर जायला दगडाच्या १८४० पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना या चाफ्याची झाडे आहेत. पोसोन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमाराला, पांढरे कपडे घातलेले हजारो लोक त्या सावलीतून चढतात. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो.

तिथे फुले वाहण्याची रीत बघण्यासारखी आहे. फुले टोपलीत किंवा ताटात घेतात, देठ काढून नुसती फुले. वाहण्याआधी त्यांचा वास घेत नाहीत. पाणी शिंपडून ती बुद्धमूर्तीपुढच्या ओट्यावर ओळीने मांडतात. कमळ असते, पाण्यातली निळी-पांढरी कुमुदे असतात, मोगऱ्याच्या जातीची फुले असतात आणि त्यांच्या बरोबरीने अरलिया. आधी आलेले, मागून आलेले असा भेद त्या ओट्यावर नाही.

श्रीलंकेचे स्वतःचे झाडही आहे बरे का. त्याला ते 'ना' म्हणतात. आपण ज्याला नागचाफा किंवा नागकेशर म्हणतो तेच. पांढरे फूल, मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका, आणि लाकूड लोखंडासारखे कठीण. १९८६ मध्ये श्रीलंकेने ते राष्ट्रीय वृक्ष म्हणून जाहीर केले. पुढे होणाऱ्या मैत्रेय बुद्धांचा बोधिवृक्ष हाच असेल, अशी तिथल्या परंपरेत समजूत आहे. म्हणजे मान, परंपरा, वंश सगळे नागचाफ्याकडे. तरीही समुद्रापलीकडून आलेल्या अरलियाला कोणी "तू बाहेरचा" म्हटले नाही. त्याच अंगणात दोघे उभे आहेत.

मला इथे वसल सुत्ताची आठवण होते. माणूस जन्माने हीन किंवा श्रेष्ठ ठरत नाही, आपल्या कर्माने ठरतो, असे तथागतांनी एका ब्राह्मणाला समजावून सांगितले होते. झाडाला कर्म नसते हे मला कळते. पण आपण झाडाकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर मात्र आपल्या मनाची असते. ज्यांना हजारो वर्षे जन्मावरून गावाबाहेर ठेवले, त्यांनी तरी एखाद्या झाडाला "हे अमक्या ठिकाणचे, म्हणून अशुभ" म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे.

स्मशानाची गोष्ट खरी आहे, ती मी नाकारत नाही. हे झाड कबरस्तानांत, दर्ग्यांच्या आवारात, ख्रिस्ती दफनभूमीत दिसते. इंडोनेशिया आणि मलेशियाकडेही दफनभूमीचे झाड म्हणूनच त्याची ओळख आहे. थायलंडमध्ये याचे जुने नाव 'लनथोम'. दुःख या अर्थाच्या 'रथोम' शब्दाशी ते जुळते म्हणून लोक घरापाशी ते लावायला कचरत. विहारात मात्र लावत. पुढे त्याला 'लीलावदी' असे नवे नाव मिळाले, आणि तेच झाड आता तिथल्या बागांमध्ये हौसेने लावतात. झाड तेच, चीक तोच, वास तोच. बदलले ते नाव आणि गेली ती भीती. मग ती भीती झाडात होती की शब्दात?

शेजारच्या लाओसमध्ये तर हे राष्ट्रीय फूल आहे. त्याला ते 'दोक चंपा' म्हणतात. दोक म्हणजे फूल, आणि चंपा हा शब्द आपलाच, चंपक. म्हणजे झाड अमेरिकेचे, नाव भारताचे आणि अंगण बौद्ध विहाराचे. पाहुण्याच्या स्वागताला ते फूल देतात. एका देशात ज्याला अशुभ म्हणून दाराबाहेर ठेवले, नदीपलीकडच्या देशात तेच स्वागताला हातात!

हवाई बेटांचीही अशीच कथा. पॅसिफिक महासागराच्या मधोमध ही बेटे. तिथे हे झाड १८६० मध्ये हिलेब्रांड नावाच्या जर्मन डॉक्टरांनी आणले. सुरुवातीला ते दफनभूमीत खूप लावले गेले, आणि जुन्या लोकांना त्या फुलांचा हार गळ्यात घालणे नको वाटे. आज हवाईचा हार, ज्याला ते 'लेई' म्हणतात, तो म्हटला की जगाच्या डोळ्यांपुढे हेच फूल येते. आपल्याकडे गजरा ओवतात तसे लांब सुईने ओवतात. कोणी आले, कोणी निघाले, कोणाचे शिक्षण पूर्ण झाले, की गळ्यात घालतात. दोन-तीन पिढ्यांत कबरीवरचे फूल आनंदाचे झाले.

आणि समजा, कबरीपाशी हे झाड लावले, तर का लावले असेल? पाणी घालायला कोणी नसले तरी जगते. रोज आपणहून ताजी फुले खाली टाकते. ज्याच्या कबरीवर फूल ठेवायला कोणी नातेवाईक उरला नाही, त्याच्याही कबरीवर सकाळी चार फुले पडलेली असतात. हा त्या झाडाचा दोष म्हणायचा की दया?

सापाचे म्हणाल, तर फुलाच्या वासाने साप येत नाही. साप उंदीर-बेडकांच्या मागे येतो. आपल्या विहाराच्या मागे कचरा साठला तर उंदीर येतील, आणि मग साप येईल. तेव्हा झाडाऐवजी कचरा काढू या.

आता दुसरी बाजू, दोरा आणि हळद-कुंकवाची. भिऊन झाड तोडणे आणि भिऊन झाडाला दोरा बांधणे, ही एकाच भीतीची दोन टोके आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या या भीतीतून बाहेर काढण्यासाठीच. बोधिवृक्षाला आपण मान देतो तो त्याच्या सावलीत एका माणसाला ज्ञान झाले, याची आठवण म्हणून. झाड नवसाला पावते म्हणून नव्हे. चाफ्याला तर तेवढेही निमित्त नाही. त्याला पाणी घाला, आळे करा, वाळकी फांदी छाटा. झाडाला त्याची गरज आहे. कुंकवाची नाही.

आता मुलांचा प्रश्न. फुले वाहायचीच कशाला?

मुलांनो, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि तो जुना आहे. तथागत कुसिनारा येथे दोन सालवृक्षांच्या मध्ये शेवटचे पहुडले होते. तेव्हा हंगाम नसताना सालवृक्ष फुलले आणि फुले त्यांच्या अंगावर पडू लागली, असे महापरिनिब्बान सुत्तात येते. तेव्हा आनंदाला ते काय म्हणाले? याने तथागतांची खरी पूजा होत नाही, जो धम्माप्रमाणे चालतो तोच खरी पूजा करतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. परंपरेत याला दोन नावे आहेत, वस्तू अर्पण करणे ती आमिसपूजा आणि आचरणाने केलेली ती पटिपत्तिपूजा. पहिली हलकी, दुसरी श्रेष्ठ. म्हणजे फुलाची मर्यादा बुद्धांनी स्वतःच सांगून ठेवली आहे.

मग फूल ठेवायचे कशाला? आपण वंदनेत फुले अर्पण करताना जी पाली गाथा म्हणतो, तिचा अर्थ कधी सावकाश वाचा. तिच्यात ऐहिक मागणे नाही. मला धन दे, मुलगा दे, परीक्षेत पास कर, असे एक अक्षर नाही. हे रंगा-वासाचे फूल जसे कोमेजून जाईल, तसे माझे शरीरही जाणार आहे, असे ती सांगते. देवापुढे फूल ठेवून माणूस काही मागतो. बुद्धापुढे फूल ठेवून तो स्वतःलाच एक गोष्ट बजावतो. हा फरक आहे. आणि तो समजला नसेल तर मुले म्हणतात तेच खरे, मग देवळातले आणि आपले एकच झाले.

या धड्यासाठी चाफ्यासारखे फूल नाही. सकाळी झाडावरून टपकन पडते तेव्हा अगदी ताजे असते. दुपारी त्याच्या कडा तपकिरी होतात. संध्याकाळी वंदनेला याल तेव्हा ते मऊ पडून काळपटलेले असते. अनित्यता म्हणजे काय, ते समजायला ग्रंथ लागत नाही, सकाळ-संध्याकाळ दोनदा विहारात आले की पुरे. प्लॅस्टिकचा हार मात्र हे कधीच शिकवू शकत नाही. धूळ बसलेले ते हार आपल्याही विहारात दोन वर्षे तसेच लटकत आहेत, ते आता उतरवले पाहिजेत.

मे १९५० मध्ये बाबासाहेब श्रीलंकेला, तेव्हाच्या सिलोनला, गेले होते. कँडी शहरात जागतिक बौद्ध परिषद भरली होती. बौद्ध देशातले विधी कसे चालतात आणि धम्म लोकांच्या जगण्यात कितपत जिवंत आहे, हे प्रत्यक्ष पाहणे हा त्यांचा हेतू होता. कँडीच्या त्या दंतविहाराबाहेर आजही फुले विकणारे बसलेले असतात. आणि पुढे १९५६ मध्ये बाबासाहेबांनी आपल्यासाठी 'बौद्ध पूजा पाठ' तयार केला. म्हणजे विधी नकोच, असे त्यांनी म्हटले नाही. समजून करा, साधा करा, आणि मध्ये दलाल नको, हा त्यामागचा विचार मला दिसतो.

या फुलाची एक गंमत सांगतो. याचा वास रात्री वाढतो. त्या वासाने मोठाले निशाचर पतंग येतात, मधाच्या आशेने या फुलातून त्या फुलात सोंड घालतात आणि त्यातच परागकण इकडचे तिकडे होतात. पण फुलात मध नसतोच! नुसता वास. पतंग बिचारा रात्रभर हिंडून उपाशी जातो. आपल्याकडच्या काही सभांची मला आठवण होते. भाषण इतके सुगंधी, की माणसे लांबून येतात, आणि जाताना हातात काही नसते. धम्मपदात फुलांवर एक अख्खा वर्ग आहे, पुप्फवग्ग. त्यात बुद्ध सांगतात, की बोलणे चांगले आणि आचरण नाही, ते रंग असून वास नसलेल्या फुलासारखे. चाफ्याने त्याच्या पुढची पायरी दाखवली, वास असून मध नसलेली. माझे हे भाषण त्यात मोडू नये, म्हणून आता कामाच्या गोष्टीवर येतो.

त्याआधी एका माणसाची ओळख करून देणे भाग आहे. थेरगाथेत सुनीत थेरांच्या गाथा आहेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही सुनीताची धम्मदीक्षा सांगितली आहे. राजगृहातला हा माणूस. हीन मानलेल्या कुळात जन्मलेला, गरीब. त्याचे काम कोणते? कोमेजलेली फुले झाडून उचलायची, लोकांनी वाहून टाकलेले निर्माल्य गोळा करायचे. लोक त्याला तुच्छ लेखत. तो मान खाली घालून सगळ्यांना नमस्कार करत असे. एके दिवशी तथागत भिक्खूंसह नगरात येताना त्याला दिसले. त्याने कावड खाली टाकली आणि वंदन करायला पुढे गेला. तथागत त्याच्यासाठी थांबले, आणि त्याने मागताच त्याला संघात घेतले. हाच सुनीत पुढे अर्हत झाला.

बंधू-भगिनींनो, फूल वाहणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. फूल उचलणाऱ्याचे नाव अडीच हजार वर्षे टिकले. या गोष्टीवर थोडा वेळ विचार करा. शहरातल्या प्रत्येक देवळाचे, प्रत्येक उत्सवाचे निर्माल्य सकाळी कोण उचलते? आपल्याच वस्त्यांतले, आपल्याच घरांतले लोक उचलतात. कित्येकांच्या वडिलांनी झाडूवर नोकरी करून मुले शिकवली. आणि आपल्या विहारात? पौर्णिमेला शंभर जण फुले वाहतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोनच म्हाताऱ्या बाया ती उचलतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जिथे सुनीताला जवळ केले त्या धम्माच्या विहारात, वाहणारे वेगळे आणि झाडणारे वेगळे, ही विभागणी शोभत नाही. माझ्या मते चाफ्याचा खरा प्रश्न हा आहे. बाकीचे प्रश्न त्याच्या मानाने सोपे.

म्हणून मी समितीपुढे आणि आपल्यापुढे काही गोष्टी नम्रपणे मांडतो.

पहिली, झाड राहू द्यावे. त्याला दोरा नको आणि कुऱ्हाडही नको. पावसाळ्यात त्याच्या पानांच्या खालच्या अंगाला नारिंगी भुकटी दिसते. तो तांबेरा रोग आहे, करणी नाही. तशी पाने वेचून दूर टाकावीत. थंडीत पाने गळून खराटा झाला तर झाड मेले असे समजू नये. उन्हाळा आला की आधी फूल येते, मागून पान, आणि वैशाख पौर्णिमेला ऐन बहरात असते.

दुसरी, फुले ओरबाडू नयेत. पहाटे पडलेली ताजी फुले वेचली तरी आपल्या वंदनेला पुरतात. शेजारच्या सोसायटीच्या कुंपणावरून हात घालून तोडलेले फूल बुद्धापुढे ठेवणे म्हणजे दुसरे शील मोडून पूजा करणे होय. लहान मुलांना सांगा, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आग होते. हाताला लागला तर लगेच धुवा.

तिसरी, ज्याने फूल वाहिले त्याने ते उचलायचे. त्यासाठी घरांची पाळी लावावी. महिना वाटून घेतला तर एका घराला वर्षातून जेमतेम दोन-तीन दिवस येतील. पाळी घराची, फक्त बाईची नव्हे. इंजिनिअर झालेला मुलगाही येईल आणि अध्यक्षही येतील. उचललेली फुले नाल्यात न टाकता झाडाच्याच आळ्यात खड्डा करून पुरावीत. फुलाचे खत, खताचे फूल. हार-पुठ्ठ्याची चमकी, दोरे, प्लॅस्टिक वेगळे काढावे.

चौथी, या झाडाची छाटणी कडक उन्हाळ्याआधी करू. हातभर लांबीच्या ज्या फांद्या निघतील त्या ज्यांच्या दारात जागा आहे त्यांना द्याव्यात. लावण्याची रीत सोपी आहे. फांदी आठ-दहा दिवस सावलीत ठेवून कापलेली जागा सुकू द्यायची, मग वाळूमिश्रित मातीत खोचायची. पाणी बेताचे, नाही तर कुजते. जुन्या रंगाच्या डब्यातही लागते. विकत आणणार असाल तर एक लक्षात ठेवा, हल्ली नर्सरीत चमच्यासारख्या पानांचा, बारमाही फुलणारा पांढरा चाफा सर्रास मिळतो. दिसायला छान, पण त्याला वास नाही. वास घेऊन मगच पैसे द्या.

बघता बघता या झाडाने अर्धे जग पाहिले. अमेरिका खंडातून निघाले, फिलिपाइन्स, श्रीलंका, हवाई अशा बेटांवर रुजले आणि आपल्या वस्तीतल्या नळापाशी येऊन उभे राहिले. कुठे त्याला कावळ्याचे फूल म्हटले, कुठे दुःखाचे, कुठे विहाराचे. त्याने सगळीकडे एकच काम केले, फुलले आणि रोज थोडे खाली टाकले. त्याला कोणत्या नावाने ओळखायचे हे त्या त्या ठिकाणच्या माणसांनी ठरवले. आपल्या विहारात ते कोणत्या नावाने ओळखले जावे, हे आपण ठरवायचे आहे.

पाळीचा कागद मी लिहून आणला आहे. तो नोटीस बोर्डाजवळच्या टेबलावर ठेवतो. पहिल्या ओळीत माझ्या घराचे नाव आहे. खालच्या ओळी मोकळ्या आहेत. खीरदान घेऊन घरी जाण्याआधी आपापले नाव लिहून जावे, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!